सॅलडमध्ये नेमकं घालायचं काय? रोज चार वाजता वडापाव खातेय मी!

हिंजवडीची_भूक

नमस्कार मंडळी, एरवी मी वाचनमात्र असते पण आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय.

वय ४१, नोकरी बैठी. गेल्या महिन्यात ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची सरासरी दाखवणारी टेस्ट) ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले डायबेटिस नाहीये अजून, पण दारात उभा आहे, गोळी नको, तीन महिने रोज चाला आणि जेवणात सॅलड वाढवा. झालं. सॅलड वाढवा म्हणजे काय वाढवा हे विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत येऊन बसला पण होता.

मग काय, रील्स बघितली. रविवारी जाऊन दोन प्रकारचं लेट्यूस, ब्रोकोली, चेरी टोमॅटो, अॅव्होकॅडो, किनोआ, चिया, स्वीटकॉर्न आणि ड्रेसिंगची एक बाटली घेतली, बिल झालं १,६४० रुपये. नवरा बिल हातात धरून म्हणाला यात आपली पंधरा दिवसांची मंडई होते. मी म्हणलं तब्येतीपुढे पैसे काय बघायचे वगैरे. सोमवारी एक वाजता मोठ्या उत्साहात डबा उघडला, खाल्लं, साडेतीनला पोटात कावळे, चारला खालच्या टपरीवर वडापाव. मंगळवारी तेच. बुधवारी दोन वडापाव. गुरुवारी फ्रीजमध्ये लेट्यूसचा काळा चिकट गोळा झाला होता तो टाकून दिला. तीन आठवड्यांनी वजन केलं तर ९०० ग्रॅम वाढलंय!! सासूबाई म्हणतात कच्चा पाला खाऊन कुणाचं भलं झालंय, आणि आता मला पण तसंच वाटायला लागलंय.

तर जाणकारांनो, सांगा:
पाला कुठला घ्यायचा, लेट्यूसच पाहिजे का? मोड आलेलं कच्चं खाल्लेलं चालतं ना? ड्रेसिंगचं काय करू? आणि मुख्य म्हणजे मी सकाळी साडेसहाला डबा भरते, एक वाजता खाते, म्हणजे टिकलं पाहिजे. मी शाकाहारी आहे, अंडं खाते.

तळ्यात_मळ्यात

सेम पिंच ताई. मी एक महिना नुसत्या काकड्या खाऊन काढलाय. वजन उतरलं नाही, फक्त बायको माझ्याशी बोलायची बंद झाली कारण मी संध्याकाळी सहानंतर कुणावरही खेकसायचो. धागा वाचतोय, इथे बसून राहणार.

लातूरची_लेक

अगं ते लेट्यूस सोड. आमच्याकडे मेथीचा घोळाणा करतात तो कर, थंडीत तर रोज असायचा आमच्या ताटात, त्याला कोणी सॅलड म्हणत नव्हतं एवढंच.

कोवळी मेथी घे, बारीक पानाची. पानं खुडून धुऊन फडक्यावर पसरून कोरडी कर, कोरडीच पाहिजे नाहीतर सगळं गिळगिळीत होतं. चिरू नको, फार तर हातानेच दोन तुकडे. त्यात बारीक चिरलेला कांदा, पातीचा कांदा असेल तर फारच छान, टोमॅटो, एखादी हिरवी मिरची, भाजलेल्या शेंगदाण्याचा जाडसर कूट मूठभर, मीठ, आणि वरून एक चमचा कच्चं तेल. आमच्याकडे करडईचं घाण्याचं तेल असायचं. मग बोटांच्या टोकांनी नुसतं खालीवर घोळायचं. चुरडायचं नाही हं, माझ्या नवऱ्याने एकदा कणीक मळल्यासारखी मेथी मळली, इतकी कडू झाली की कुत्र्याने पण तोंड लावलं नाही. घोळायचं म्हणून तर घोळाणा. लिंबू खायच्या वेळी पिळ.

तसंच करडईच्या कोवळ्या पानांचं, ती तर अजून गोड लागतात. मुळ्याचा पाला, कोवळा असेल तर चालतो. हरभऱ्याची भाजी खुडतात तेव्हा नुसती आंबट पानं आम्ही शेतात उभ्या उभ्या खायचो, ते पण सॅलडच की! कांद्याची पात, कोथिंबीर, पुदिना हे सजावटीला चिमूटभर टाकायच्या ऐवजी वाटी वाटीने टाक. मेथीची जुडी थंडीत दहा-पंधरा रुपयाला पडते, तुझ्या त्या लेट्यूसच्या एका गड्ड्याच्या पैशात आठवडा निघेल.

एकच सांगते, कुठलाही पाला कच्चा चालतो असं नाही. अळू, शेवळं (पावसाळी रानभाजी) असलं काही सॅलडमध्ये टाकशील तर घसा धरून बसशील. आपल्या आज्या खाज मारायला कशात काकडं (रानातली आंबट फळं) आणि कशात चिंच घालायच्या ते उगाच नाही.

वरण_भात_तूप

मी आहारतज्ज्ञ आहे, चौदा वर्षं हेच करतेय. हिंजवडी ताई, तुमची केस मला आठवड्यातून तीन वेळा तरी भेटते त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, चहा घेऊन बसा (नको, चहाचं खाली सांगते).

आधी तुमच्या डब्याचं पोस्टमॉर्टेम. लेट्यूस, काकडी, टोमॅटो यात ९५ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ते चांगलंच आहे, पण पोट धरून ठेवायचं काम त्यांच्यावर सोपवलं तर साडेतीनला कावळे ओरडणारच. ब्रोकोली उत्तम, पण कच्ची घालत असाल तर दोन मिनिटं वाफवा, गॅसेस कमी होतील. स्वीटकॉर्न ही भाजी नाही, ते धान्य आहे, वाटीभर घातलंत तर तेवढी पोळी कमी करा. अॅव्होकॅडो चांगलं फळ आहे पण त्यातलं जे चांगलं फॅट आहे ते तुम्हाला मूठभर शेंगदाण्यांतून मिळतं आणि वर प्रोटीन पण मिळतं.

आता बाटली. मागचं लेबल वाचा. आपल्याकडे नियम असा आहे की जो पदार्थ वजनाने सगळ्यात जास्त तो यादीत पहिला लिहायचा, मग उतरत्या क्रमाने. पहिल्या तीनात तेल आणि साखर दिसली की ओळखा काय ते. मेयोनीजच्या जातीचं क्रीमी ड्रेसिंग असेल तर मोठा चमचा म्हणजे साधारण ९०-१०० कॅलरी. आणि बाटलीतून कोणी एक चमचा मोजून घालत नाही, भस्सकन तीन-चार चमचे जातात. म्हणजे ३००-४०० कॅलरी. म्हणजे ताई, चार वाजताचा वडापाव तुमचा दुसरा होता, पहिला तुम्ही एक वाजता डब्यातच ओतला होतात!

काही जण यावर म्हणतात मग फॅट फ्री घेतो. तेही नको. फॅट काढलं की चव आणायला साखर, मीठ आणि स्टार्च घालतात, आणि दुसरं म्हणजे गाजरातलं, पाल्यातलं कॅरोटीन आणि व्हिटॅमिन के शरीरात जायला थोडं तेल लागतंच. थोडं म्हणजे एक छोटा चमचा, ४५ कॅलरी. लातूरच्या ताईंनी सांगितलेला कूट आणि कच्चं तेल म्हणजे नेमकं हेच आहे, त्यांना कोणी शिकवायला गेलं नव्हतं.

पोट भरायला काय? प्रोटीन. हे नसेल तर ते सॅलड नाही, ते तोंडीलावणं आहे. उकडलेले छोले किंवा हरभरे एक मोठी वाटी, म्हणजे १५० ग्रॅम धरा, १३ ग्रॅम प्रोटीन. एक अंडं ६ ग्रॅम. पनीर ५० ग्रॅम म्हणजे साधारण ९. यातलं कुठलंही दोन रोज पाहिजे. किनोआ आवडत असेल तर खा, पण शिजलेल्या किनोआत १०० ग्रॅमला साडेचार ग्रॅमच्या आसपास प्रोटीन आहे, हरभऱ्यात त्याच्या दुप्पट, आणि किंमत बघा. गंमत म्हणजे किनोआ हा आपल्या चाकवताचा सख्खा भाऊ आहे, राजगिराही त्याच खानदानातला. लांबून आलेल्या भावाला आपण डोक्यावर घेतो आणि घरच्या चाकवताला ताकात शिजवून विसरून जातो.

चियाऐवजी जवस चालेल, पण भाजून कुटून. अख्खं जवस जसं आत गेलं तसं बाहेर येतं. तीळ आणि कारळं पण घ्या.

लिंबू कंजूषपणा न करता पिळा. मेथी, हरभरे यातलं लोह शरीरात नीट जायला व्हिटॅमिन सी लागतं. लिंबू नसेल तर आवळा किसा, कच्चा पेरू चिरून घाला, पेरूत संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त सी असतं. आणि हो, जेवल्याबरोबर चहा घेतलात तर त्यातलं बरंचसं लोह वाया. तासभर थांबा.

तुमच्या साखरेसाठी एक फुकटचा उपाय: आधी सॅलड आणि डाळ/अंडं खायचं, पोळी किंवा भात शेवटी. तेच पदार्थ, तेवढेच, फक्त क्रम बदलला तरी जेवणानंतरची साखर कमी चढते. आणि पोळी पूर्ण बंद करू नका हो, एक राहू द्या, वडापाव त्यामुळेच होतोय.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं धरलीयेत, २,००० कॅलरीच्या आहारासाठी. एक दिवस स्वतःच्या वाटणीची भाजी काट्यावर ठेवून बघा. बहुतेकांची निम्मी पण भरत नाही.

सदाशिव_पेठी_शंका

माहिती चांगली आहे पण एक शंका. वरचा सगळा सूर असा दिसतो की आपल्या आज्या ग्रेट आणि लेट्यूसवाले मूर्ख. आमच्या घरात तीन पिढ्या कोशिंबीर रोज आहे. आणि तीन पिढ्या डायबेटिसही आहे. कसं काय?

वरण_भात_तूप

शंका रास्त आहे! तुमच्या घरी कोशिंबीर ताटात कुठे वाढतात?

सदाशिव_पेठी_शंका

डावीकडे. जिथे वाढायची असते तिथेच.

वरण_भात_तूप

किती?

सदाशिव_पेठी_शंका

दोन चमचे. कार्य असेल तर एक. :)

वरण_भात_तूप

तेच तर. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर हे सगळं डाव्या बाजूचं खातं, आणि उजवीकडे पोळी, भाजीत बटाटा, मग भात, मग परत भात. कोशिंबीर डावीकडून उजवीकडे आणा, एक मोठा वाडगा भरून, आणि भात डावीकडे न्या, मग बोलू. शिवाय तुमच्या पेठेतल्या कोशिंबिरीत साखर किती पडते? खरं सांगा. काकडीत चमचा, गाजरात चमचा, बीट आधीच गोड तरी त्यात चमचा.

सदाशिव_पेठी_शंका

साखरेशिवाय कोशिंबीर म्हणजे... असो. मुद्दा मान्य. साखरेबद्दल घरी बोलून बघतो, निकाल कळवेनच असं नाही.

तळ्यात_मळ्यात

बिटावरून आठवलं, मी जोशात येऊन वाटीभर बिटाची कोशिंबीर खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममधून किंचाळत बाहेर आलो. डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी पहिला प्रश्न विचारला काल बीट खाल्लं होतं का. पहिल्यांदा खाणाऱ्यांनो, लघवी लाल होऊ शकते, घाबरू नका.

एल्बेकाठी

मोड आलेल्या कडधान्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी मूळची मिरजेची, जर्मनीत हॅम्बुर्गला असते २००९पासून.

२०११च्या मे-जूनमध्ये इथे ई. कोलाय या जंतूची साथ आली होती. जुलाबात रक्त, मग किडनी बंद पडायची, आणि आजारी पडणाऱ्यांत तरुण बायका खूप होत्या, म्हणजे जे लोक मुद्दाम हेल्दी खातात तेच. पहिल्यांदा संशय स्पेनच्या काकड्यांवर आला. त्या आठवड्यात बाजारात काकडी, टोमॅटो, लेट्यूसला कुणी हात लावत नव्हतं, मी स्वतः फ्रीजमधल्या चार चांगल्या काकड्या कचऱ्यात टाकल्या. मग कळलं काकडीचा काही दोष नाही. सापडलं काय, तर इथल्याच एका शेतावरचे मोड, आणि शेवटी माग लागला तो इजिप्तहून आलेल्या मेथीदाण्याचा. हो, मेथीचे मोड! जवळजवळ चार हजार लोक आजारी पडले आणि पन्नासच्या वर गेले. मला तेव्हा सहावा महिना होता आणि आईने मेथ्यांना मोड आणून खा म्हणून फोनवर सांगून ठेवलं होतं, ते आठवलं की अजून काटा येतो.

कारण साधं आहे, मोड यायला जे लागतं, ऊब आणि ओल, तेच जंतूंनाही लागतं. बियांच्या सालीच्या फटीत एखादा असला तर फडक्यात बांधलेल्या रात्रीत त्याचे लाखो होतात, आणि वरून धुऊन जात नाहीत.

म्हणून मी मोड टाकत नाही, वाफवते. कुकरला शिट्टी न लावता पाच-सात मिनिटं दणकून वाफ, मूग अख्खे राहतात, दाताखाली येतात. गरोदर बायका, लहान मुलं, म्हातारी माणसं यांना तर कच्चे मोड अजिबात नको.

आणि राजमा! इथे एका मुलीने रील बघून राजम्याला मोड आणून कच्चाच सॅलडमध्ये घातला आणि रात्रभर उलट्या. कच्च्या राजम्यात विषारी लेक्टिन असतं, भिजवून, ते पाणी फेकून, चांगला उकळूनच खायचा.

वरण_भात_तूप

अगदी बरोबर लिहिलंत. कच्चे मोडच हेल्दी हा समज फार पक्का बसलाय. वाफवल्यावर थोडं व्हिटॅमिन सी कमी होतं, ते लिंबू पिळून परत घ्या.

मधला_मुलगा

एक प्रश्न, धाग्याला फाटे फोडतोय त्याबद्दल सॉरी. वडिलांची दोन वर्षांपूर्वी हृदयाची झडप बदललीये, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे. हा धागा वाचून मी त्यांना उद्यापासून वाटीभर मेथीचा घोळाणा द्यायचा विचार करत होतो. चालेल ना?

वरण_भात_तूप

थांबा!! गोळी वॉरफेरिन किंवा तशी असेल तर एकदम पाला वाढवायचा नाही. पालेभाज्यांतलं व्हिटॅमिन के त्या गोळीच्या उलट काम करतं. बंद करायचा असंही नाही, रोज साधारण सारखं प्रमाण ठेवायचं म्हणजे त्यानुसार डोस बसतो. आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते बघायची टेस्ट) करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घोळाणा नको. किडनीचा त्रास असलेल्यांनीही (पोटॅशियममुळे) आणि मुतखडा वारंवार होतो त्यांनी कच्चा पालक वगैरे चरायच्या आधी विचारून घ्यावं.

मधला_मुलगा

बरं झालं विचारलं. धन्यवाद ताई.

जुन्नरचा_पोऱ्या

मी शेतकरी. काकडी शेडनेटमध्ये, बाहेर फ्लॉवर, कोबी, थोडी मेथी-कोथिंबीर. सगळं वाचलं, बरं वाटलं, पण भाजी घेताना काय बघायचं आणि धुवायची कशी ते कोणी लिहीना म्हणून मी लिहितो.

फवारणी झाली की तोडणीला ठराविक दिवस थांबायचं असतं, प्रत्येक औषधाच्या डब्यावर लिहिलेलं असतं किती ते. आता खरं सांगतो, बाजार चढला की सगळेच थांबत नाहीत. मी थांबतो म्हणलं तरी तुम्ही कशाला विश्वास ठेवाल, आणि मंडईत तर कुठला माल कुणाचा ते विकणाऱ्याला पण माहीत नसतं. म्हणून दोन गोष्टी करा. सीझनची भाजी घ्या, कारण जी भाजी तिच्या हवामानात येते तिला रोग कमी आणि औषध कमी. पावसाळ्यात मेथी-कोथिंबिरीचा अट्टाहास आणि उन्हाळ्यात फ्लॉवरचा, हे नको. आणि फ्लॉवर असा दुधासारखा पांढरा, एक ठिपका नसलेला, कोबी आरशासारखा, असलं शोधत बसू नका. एखादं भोक असलेलं पान घ्या की, त्यानं काही बिघडत नाही.

पालेभाजी कुठल्या पाण्यावर आलीय हे पण महत्त्वाचं. शहरात नाल्याच्या, रुळाच्या कडेला वाफे दिसतात ना, ती पालेभाजी कच्ची खायचीच नाही. शिजवूनच.

धुवायचं असं. पाला नळाखाली धरून एकदा हलवला म्हणजे धुतला नव्हे. देठ मोडून पानं सुटी करायची, मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घ्यायचं, पानं त्यात बुडवून हलवायची आणि दोन मिनिटं तशीच ठेवायची, माती तळाला बसते. मग पानं हाताने वरच्या वर उचलायची. माझी मंडळी सोडून बाकी सगळ्या बाया काय करतात, पातेलंच चाळणीत उपडं करतात, मग तळाची माती परत पानांवर. उचलायची आणि पाणी फेकायचं, परत नवीन पाणी, तीनदा. तिसऱ्यांदा तळ हाताला गुळगुळीत लागला, कचकच नाही, की झालं. काकडी, टोमॅटो, गाजर वाहत्या पाण्यात हाताने चोळून. कोबीची वरची तीन पानं काढून टाका. आणि आधी धुवा मग चिरा, चिरून धुतलं की सत्त्व पाण्यात जातं.

मिठाचं पाणी, सोड्याचं पाणी यानं वर बसलेलं बरंचसं निघतं. आंतरप्रवाही औषध, जे झाडात शोषलं जातं, ते मात्र कशानं निघत नाही. त्यामुळे शंभर रुपयाची भाजी धुवायची बाटली विकत घेऊ नका.

काकडी कडू लागली तर टोक कापून चोळत बसू नका, सरळ टाकून द्या. दुधी कडू लागला तर तर नक्कीच टाका, त्यानं माणसं दवाखान्यात गेलीत.

लातूरची_लेक

दादा, पाणी उपडं करणाऱ्यांत मी पण आहे. आजपासून उचलणार. आणि "माझी मंडळी सोडून" हे वहिनींना वाचून दाखवा.

जुन्नरचा_पोऱ्या

तिनंच शिकवलंय मला ते.

हिंजवडीची_भूक

सगळ्यांना खूप खूप थँक्यू! तीन आठवडे झाले म्हणून अपडेट द्यायला आलेय.

बाटली ओट्यावर ठेवून मी पहिल्यांदा मागचं वाचलं. पहिला घटक तेल, दुसरा पाणी, तिसरा साखर. फेकून द्यायचा जीव होईना म्हणून मुलाच्या मित्रांच्या वाढदिवसाला सँडविचमध्ये संपवली (त्याबद्दल बोल लावू नका).

पहिल्या दिवशी गोंधळ झाला. सकाळी साडेसहाला काकडी, टोमॅटो, कांदा, हरभरे, मीठ, लिंबू सगळं मस्त कालवून नेलं, एक वाजता डबा उघडला तर आत सार. अक्षरशः वरून पिऊन मग खाली राहिलेलं चावलं. बॅगेतल्या फाइलला पण टोमॅटोचा वास. मग अक्कल आली की मिठाने पाणी सुटतं, आपण कोशिंबिरीला काकडी चोचवून पिळतो ते काय म्हणून. आता मीठ, तिखट आणि कूट एका छोट्या डबीत, लिंबाची फोड वेगळी, आणि ऑफिसात बसून घोळते. टोमॅटो चिरतच नाही, अख्खा नेते आणि तिथे चिरते. डब्याच्या तळाला हरभरे किंवा वाफवलेले मूग, त्यावर गाजर, कोबी, वरती मेथी किंवा पात, कोरडी. अंडं अख्खं. बाजूला एक पोळी.

चार वाजता भूक लागते पण अशी नाही की कुणाचा तरी जीव घ्यावा. वडापाव आठवड्याला एकवर आलाय, शुक्रवारचा, तो मी सोडणार नाहीये, कुणी सांगायला येऊ नका. वजन ९०० ग्रॅम चढलेलं उतरलं आणि वर अजून ४०० गेलं. एचबीए१सी परत कधी करू?

वरण_भात_तूप

शाब्बास! घाई नको, ती टेस्ट मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवते, आत्ता केलीत तर अर्धा जुना वडापावच दिसेल. चालणं चालू आहे ना? आणि शुक्रवारचा वडापाव मंजूर, फक्त त्या दिवशी दुपारच्या डब्यातली पोळी वगळा.

हिंजवडीची_भूक

चालतेय, चाळीस मिनिटं, पाऊस नसेल तर. हो आणि लातूरच्या ताई, सासूबाईंनी काल माझ्या डब्यातला घोळाणा चाखला आणि म्हणाल्या यात लसणीचं तिखट का नाही घातलंस. आज त्यांनीच कुटून दिलं.

लातूरची_लेक

बाई बाई, मग झालंच काम! लसणीचं तिखट मी लिहायचं विसरलेच होते, आमच्याकडे ते घालतातच.

तळ्यात_मळ्यात

सगळं करून बघितलं, मेथी रोज पचत नाही मला, पण ते करडईच्या पानांचं डोक्यातून जात नाहीये. पुण्यात मिळतात का कुठे? मंडईत विचारलं तर भाजीवाल्या मावशी म्हणाल्या करडई तेलाची असते, पाला कोण खातं.

जुन्नरचा_पोऱ्या

थंडीत कधीमधी सोलापूरकडच्या गाडीबरोबर येतात, भरवसा नाही. कुंडीत पेरा की. पक्ष्यांना घालायची करडई किराणा दुकानात मिळते, पांढरी, सूर्यफुलासारखी पण बारकी. रात्रभर भिजवून बोटाच्या पेराएवढी खोल टाका, ऊन पाहिजे, पाणी कमी. तीन-चार आठवड्यांत खुडायला येते. काटे यायच्या आत खुडा, नंतर ती करडई कसली, बाभूळ होते.

तळ्यात_मळ्यात

पेरली. गॅलरीत दोन कुंड्या. चिमण्यांनी अर्धी खाल्ली, उरलेल्यातली सात उगवलीत, मोजलीत मी.